फळ्या लावायचा मान

१८८४ साली दिव्याच्या खाडीवरच्या उघाडीला पाच फळ्या होत्या. उघाडी म्हणजे बांधातलं दार. दगडी खाचेत फळ्या एकीवर एक बसवल्या की भरतीचं खारं पाणी बाहेर राहतं. बांधाच्या आत एकोणतीस भातखाचरं, त्यांत सगळ्यांत सखल ठमाबाईचं. पाटील धरून पंच पाच. फळ्या लावायचा मान एकट्या दौलत पाटलाचा, आणि दारात लावलेल्या जाळ्यातली मासळी पाचही पंचांची.

भाद्रपदातल्या अमावास्येला दुपारची भरती चढू लागली, तरी फळ्या बांधावरच पडून होत्या.

"पाटील, फल्या लाव आता! दाना भरतोय. खारं पानी शिरलं तं वरीसभर खाऊ काय?" ठमाबाई म्हणाली.

"जालं मासलीनं भरू दे," दौलत म्हणाला. "आन पंचांपुढं बाईनं बोलायचं नसतं. तुजा दीर हाय ना हितं?"

दीर विश्राम पंचांतच बसला होता. तो खाडीकडे बघत राहिला.

"त्याच्या तोंडात मासली हाय. तो काय बोलंल!"

ठमाबाईनं कासोटा आवळला आणि सुनेला, मालनला हाक मारली. दोघींनी जाळं उपसून बांधावर फेकलं. पाणी अजून गुडघ्याइतकंच होतं. पाचही फळ्या बसल्या, फटी चिखलानं लिंपल्या. आत थेंब येईना.

तेव्हा कुठे पंच उठले.

"मान मोडला," एकजण म्हणाला. "उद्या कोनीपन उठंल आन दार लावंल."

"काढा फल्या," दौलत म्हणाला. "मंग मी माज्या हातानं लावतो."

"अरे मेल्यांनो, पानी अडलंय ना!" ठमाबाई ओरडली. "हात कोनाचा ते खाडीला कलतं काय?"

तिला विश्रामनंच धरून मागे ओढलं. बाहेर पाणी छातीभर चढलं होतं. पाटलाच्या गड्यांनी वरच्या तीन फळ्या उपटल्या आणि खाडी आत कोसळली. दौलतनं आधी रीतीप्रमाणे नारळ फोडला, मग फळी उचलली. लोंढ्यानं ती त्याच्या हातून हिसकून नेली. दुसरी खाचेत अडकून मोडली. तिसरीला हात लावायला कोणी पुढे आलं नाही.

"बाईचा हात लागला, म्हनून खाडी कोपली," दौलत म्हणाला. चौघांनी माना हलवल्या. त्यांत विश्रामही होता.

ओहोटी लागल्यावर मालननं आपल्या खाचरात साचलेल्या खाऱ्या पाण्यात काठी उभी केली. काठी एक हात चार बोटं भिजली.