अठ्ठावीसपैकी अठरा

ड्रायव्हरच्या खिडकीतून हात आत घालून शंकरने रबरी भोंगा तिसऱ्यांदा दाबला. सुरूच्या झाडांपलीकडे, पुळणीवर, त्याचे अकराही प्रवासी त्याच्याकडे पाठ करून उलट्या पावलांनी गाडीच्याच दिशेने येत होते. पण वीस-पंचवीस पावलं झाली की रांगेतला सगळ्यांत मागचा माणूस दोर सोडी, पाण्याकडे धावत जाई आणि तिथे पुन्हा दोर धरी. त्यामुळे गाडीपर्यंत कुणीच पोचत नव्हतं.

सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. तारकर्लीची वस्तीची गाडी साडेसहाला सुटायची आणि सातला मालवणात पोचायची.

"भोंगो आयकान मासो पळालो, तर हे लोक तुमका गाडयेसकट ओढतले हां," धोंडू ड्रायव्हर बिडी विझवत म्हणाला.

शंकर हसला नाही. गेले वर्षभर तो या मार्गावर कंडक्टर होता, आणि वर्षभर ही रापण त्याच्या मागे लागली होती. पहाटे होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येई. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आले की दोन रांगा ते ओढायला लागत. ज्याचा हात दोराला लागला, त्याला माशांचा वाटा मिळे, मग तो वाडीतला असो की वाटेने जाणारा. गाडीची वाट बघणारा माणूस दोर दिसल्यावर गाडीची वाट बघत नसे. शिवाय नंतर तेच मासे केळीच्या पानात बांधून गाडीत येत आणि त्यांचं पाणी शंकरच्या बुटांखाली मालवणपर्यंत वाहत जाई.

तो इंटर सायन्सपर्यंत शिकला होता. सुरुवातीला त्याला वाटलं, याला काहीतरी नियम असणार. त्याने चार महिने एका वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि गाडीला झालेला उशीर मिनिटांत लिहिला. कशाचाच कशाशी मेळ बसला नाही. वही एकदा सहज साल्वादोर मास्तरांना दाखवली. मालवणच्या हायस्कुलात गणित शिकवणारे मास्तर रोज याच गाडीने जात. त्यांनी आकडे नीट तपासले आणि म्हणाले, "मांडणी उत्तम आहे."

आजचा दिवस मात्र वेगळा होता. शंकरने माण तालुक्यातल्या आपल्या गावाजवळच्या डेपोत बदली मागितली होती. घरी वडील एकटे होते. सलग तीन महिने गाडी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचली नाही, तरच कंट्रोलर त्याचा अर्ज रत्नागिरीला पाठवणार होता. एकोणनव्वद दिवस झाले होते. कधी हात जोडून, कधी लोकांची गाठोडी स्वतः टपावर चढवून त्याने ते दिवस निभावले होते. आजचा नव्वदावा.

तो पुळणीवर गेला.

"काशीबाई, चला. गाडी सोडतो मी."

काशीबाई झाडू विकायला बाजारला जायची. दोर न सोडता ती म्हणाली, "सोडा की! रिकामी गाडी घेवन जावा नि मालवणात वारो उतरवा."

रांगेत हशा पिकला.

"आज माणसं कमी आहेत हो," साल्वादोर मास्तर धापा टाकत म्हणाले. त्यांनी पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली होती. "निम्मी वाडी जत्रेला गेलीय. आमची बाजू मागे पडतेय."

शंकरने पाहिलं. दुसऱ्या दोरावर एकोणीस माणसं होती, या दोरावर तेरा. जाळं एका बाजूला कललं होतं. दोन्ही दोर बरोबरीने येईपर्यंत ते किनाऱ्याला लागणार नव्हतं. त्याने मनात हिशेब केला. असंच चाललं तर आणखी अर्धा तास. या बाजूला एक दणकट माणूस वाढला, तर कदाचित पंधरा मिनिटं.

त्याने बूट काढले, मोजे त्यांत कोंबले, तिकिटांची पेटी बुटांवर ठेवली आणि दोर धरला.

"होय रे, कंडक्टर इलो!" कुणीतरी ओरडलं.

"हातान नको, कमरेन ओढ," रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल बाबू म्हणाला. "पाय मागे. सगळ्यांबरोबर. घाई करू नको."

आधी त्याची पावलं चुकत होती. मग चुकायची थांबली. ओला काथ्या तळहातावर करकरत होता, टाच वाळूत रुतत होती, आणि मागे काय आहे ते न बघता मागे जायचं होतं. शंकरला एकदम आठवलं, वडिलांची बैलजोडी अशीच जायची. मोट भरून वर आली की बैल धावेच्या, विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेच्या, खालच्या टोकाला पोचलेले असत. मग वडील नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढत आणि बैल मागे न बघता एकेक पाऊल उलटं टाकत विहिरीपर्यंत येत. लहानपणी तो नाड्यावर, मोटेच्या त्या जाड दोरावर, बसून खाली यायचा. तीन वर्षांपूर्वी विहिरीवर ऑइल इंजिन आलं. बैल विकले गेले त्या दिवशी तो मालवणच्या नोकरीचा फॉर्म भरत होता.

जाळं काठाला आलं तेव्हा पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसत होतं. बांगडे होते. तांडेलाने भराभर वाटे घातले. काशीबाईने आपला वाटा पदरात घेतला, मास्तरांनी डब्यात, आणि आज सगळेच न सांगता गाडीकडे धावले. कंडक्टरचा नव्वदावा दिवस सगळ्या वाडीला ठाऊक होता.

सहा चाळीसला अकरा माणसं जागेवर बसली होती. धोंडूने इंजिन सुरू केलं.

शंकर पुळणीवरच होता. त्याच्या बाजूचा दोर वाळूत नागमोडी पडला होता आणि तांडेल एकटाच तो गोळा करत होता. वडील मोट सोडल्यावर नाडा कधीच तसा टाकत नसत. आधी वेटोळं, मग भाकरी. शंकरने दोराचं दुसरं टोक उचललं, वाळू झटकली आणि वेटोळं घालायला सुरुवात केली.

भोंगा वाजला. त्याने ऐकला. एवढाच राहिलाय, असं त्याला वाटलं.

दोर शेकडो हात लांब होता.

दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा तांडेल म्हणाला, "जा तू. मी बघतंय."

"झालंच," शंकर म्हणाला. "इथं पीळ पडलाय. तसाच ओला राहिला तर कुजंल." बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून गावची बोली निघाली होती.

गाडीत धोंडूने तिसऱ्यांदा भोंग्याकडे हात नेला, तेव्हा काशीबाई म्हणाली, "रवांदेत रे. आमी वर्षभर त्यांका थांबवलाव, आता तेंनी आमका थांबवल्यानी."

मास्तरांना पहिला तास होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मनगट खिडकीबाहेर ठेवलं.

सहा अठ्ठावन्नला शंकर हातात बूट घेऊन चढला. त्याने दोनदा घंटी वाजवली आणि तिकिटं फाडायला सुरुवात केली.

मालवणच्या स्टँडवर कंट्रोलर दारातच उभा होता. टेबलावर शंकरचा अर्ज होता. दुपारच्या टपालाचा लिफाफाही शेजारी होता. कंट्रोलर मूळचा कुडाळचा, भला माणूस.

"सात अठ्ठावीस," तो म्हणाला. "आज नेमकं? बरं, रेडिएटर तापला असेल. धोंडू, तापला ना?"

"तापलो होतो थोडो," धोंडू घाईने म्हणाला.

"नाही साहेब," शंकर म्हणाला.

"मग प्रवाशांनी थांबवलं असं लिहितो. त्या गाडीचं सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

शंकरने मागे पाहिलं. काशीबाई टपावरून झाडू उतरवून घेत होती. मास्तर शाळेच्या दिशेने जवळजवळ पळत होते.

"अठ्ठावीसपैकी दहा मिनिटं प्रवाशांची," तो म्हणाला. "तेवढी चालतात. बाकी अठरा माझी."

कंट्रोलरने चष्मा काढला. त्याची नजर शंकरच्या पोटऱ्यांपर्यंत भिजलेल्या पँटवर गेली.

"तुम्हाला गावी जायचंय ना?"

"जायचंय."

"मग?"

शंकरने तळहाताला चिकटलेला काथ्याचा धागा काढला. कंट्रोलरने अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि लिफाफ्यात नुसती हिशेबपत्रकं घालून त्याला डिंक लावला. "पुन्हा तीन महिने," तो हळूच म्हणाला. "उद्यापासून मोजू."

बाहेर कसालच्या फेरीला माणसं चढली होती. शंकर त्या गाडीत चढला. पहिल्या तिकिटाला भोक पाडताना उजव्या तळहातावरचा फोड फुटला. त्याने पंच डाव्या हातात घेतला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "कुठे जायचं?"

गाडी वेळेवर सुटली.