लग्नाचा कोट

कोटाचं मधलं बटण काही केल्या लागेना. आर्डिसने दोन्ही बाजू धरून ओढल्या, डॉक्टरांना श्वास आत घ्यायला लावला, एकदा तर त्यांच्या पाठीला गुडघा टेकवून जोर लावला. पण बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं ते राहिलंच.

"माप दिलंत तेव्हा हे जॅकेट अंगात होतं ना?" तिने विचारलं.

डॉक्टर टोर्विकांनी कोटाची कड सोडून दिली. ते आरशात बघत होते.

"म्हणजे नव्हतं," आर्डिस म्हणाली. "धन्य आहे तुमची. दोन वर्षं झोपेपुरतं आणि अंघोळीपुरतं काय ते काढता, आणि नेमकं शिंप्याकडे काढून ठेवलंत."

आर्डिस त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स होती आणि डॉक्टरांना बोलायचा हक्क तिने कधी कुणाला विचारून घेतला नव्हता. बाहेर फाटकापाशी स्तोत्र सुरू झालं होतं. त्यावरून दोघांनाही कळलं की नऊ वाजले. रोज निषेधाला येणारी ती मंडळी वेळेची पक्की होती.

जॅकेट म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेट. गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरला दूरच्या राज्यात कुणीतरी पाठीत गोळी घातली, तेव्हापासून ते टोर्विकांच्या अंगावर चढलं होतं. या वसंतात त्यांच्याच दवाखान्याच्या खिडकीतून एक गोळी आली आणि औषधांच्या कपाटात घुसली. त्यानंतर जॅकेट काढायचा विषयच संपला. उत्तर डकोटाच्या त्या सपाट मुलखात दोनशे मैलांच्या घेरात हे काम करणारे ते एकटे उरले होते. वय अडुसष्ट. जागेवर यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

आणि परवा, शनिवारी, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं.

शिंप्याकडे जॅकेट का काढलं, ते डॉक्टरांनी आर्डिसला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना लाज वाटली होती. गावाने त्यांना वाळीतच टाकलं होतं म्हणा ना. जो दुकानदार त्यांचं काम करील त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी फलक घेऊन माणसं उभी राहत. त्यामुळे आधी धोबी सुटला, मग गवत कापणारा, मग तीस वर्षं केस कापणारा न्हावी. न्हाव्याने तर रडत रडत सांगितलं होतं. उरला होता म्हातारा कुबिचेक शिंपी. त्याने रविवारी दुपारी दुकानाचे पडदे ओढून घेतले आणि मागच्या दाराने या म्हणाला. अशा माणसापुढे छातीला चिलखत बांधून उभं राहायचं डॉक्टरांच्या जिवावर आलं. त्यांनी ते गाडीतच काढून ठेवलं आणि साध्या सदऱ्यावर ऐटीत माप दिलं. कुबिचेकने तंतोतंत मापाचा कोट शिवला, करड्या रंगाचा, उत्तम लोकरीचा. माणूस जितका होता तितकाच कोट झाला.

दुपारी डॉक्टरांनी त्याला फोन केला. शिलाईत दोन बोटं कापड आहे, कुबिचेक म्हणाला, चार कुठून आणू? आणि दोन दिवसांत नवा कोट शिवायचे हात आता राहिले नाहीत.

तुमचा तो तपकिरी कोट ढगळ आहे, तो घाला की, असं आर्डिसने सुचवलं. बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं आणि ती ट्रे आवरायला लागली. तपकिरी कोटातल्या डॉक्टरांचा फोटो काढून त्या लोकांनी पत्रकं छापली होती. वर 'खुनी', खाली घराचा पत्ता. गावातल्या प्रत्येक खांबावर तो कोट होऊन गेला होता. तो घालून मुलीला वेदीपाशी न्यायचं, यापेक्षा ते घरी बसले असते.

कामाला मात्र खंड नव्हता. त्या दिवशी सात बायका होत्या. चौथी पश्चिमेकडून पाच तास गाडीत बसून आली होती. वय एक्केचाळीस, पाच मुलं, नवरा खाली ट्रकमध्ये टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला. तिने भीतीने डॉक्टरांचा दंड धरला तेव्हा तिचा हात जॅकेटच्या कडेला लागला आणि हे काय घातलंय म्हणून तिने विचारलं.

"पाठदुखीचा पट्टा आहे," डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांना हेच सांगत.

"आमच्या ह्यांनाही दिलाय तसला. काही फरक पडत नाही हो त्याने."

"नाही पडत," डॉक्टरांनी कबूल केलं, आणि ती थोडीशी हसली. हसल्यावर तिचा हात सैल झाला. मग त्यांनी काम केलं.

अशी खोटी बोलणी त्यांना जुनी होती. शिकाऊ डॉक्टर असताना, हे सगळं कायद्याबाहेर होतं तेव्हा, मिनियापोलिसच्या इस्पितळात त्यांची नेमणूक अशा वॉर्डात झाली होती जिथे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी हातून बिघडून आलेल्या बायका ठेवत. एक तेवीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी मुलगी तापाने फणफणलेली होती. माझ्या आईला लिहा की अपेंडिक्स फुटलं, म्हणाली. ती गेल्यावर त्यांनी तसं लिहिलं, आणि आईने उलट टपाली त्यांचे आभार मानले. ते पत्र वाचून ते जिन्यात बसून रडले होते. पुढे कायदा बदलला, तेव्हा हे काम करायचं की नाही याचा विचार त्यांना करावाच लागला नाही.

संध्याकाळी चारला ते बाहेर पडले तेव्हा फाटकाशी व्हर्जिल हॉफ उभा होता. स्तोत्रं म्हणणाऱ्या मंडळींचा तो म्होरक्या. बीटची शेती करणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्याचे दोन्ही मुलगे डॉक्टरांच्याच हातांत जन्मले होते. त्याने टोपी काढली. डॉक्टरांशी बोलताना तो नेहमी टोपी काढायचा, आणि डॉक्टरांना शिव्यांपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

"शनिवारी सिग्नेचं लग्न ना?" तो म्हणाला. "चर्चच्या पत्रकात वाचलं. आम्ही येणार आहोत. आत नाही येणार, रस्त्यावरच उभं राहू."

"व्हर्जिल, एक दिवस राहू दे."

"तुम्ही राहू देता का एक दिवस?"

 डॉक्टर गाडीचं दार उघडायला वळले.

"डॉक्टर," व्हर्जिल मागून म्हणाला. तो टोपीची कड बोटांत फिरवत होता. "माझ्या माणसांचं मी सांगू शकतो. पण दोघं नवीन आलेत. बाहेरचे आहेत. प्रार्थनेला उभे राहतात, पण तोंड हलत नाही त्यांचं. मी बोललो पोलिसांशी. तुमच्याही कानावर असावं म्हणून सांगितलं."

त्याने हे सांगितलं याचं डॉक्टरांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. दुसऱ्याच्या घराला काडी लागेल इतकं गवत वर्षानुवर्षं रचायचं आणि काडीवाला दिसला की सावध करायला यायचं, ही कुठली रीत? पण ते तसं बोलले नाहीत. आभारी आहे म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी फोन वाजतच होता. सिग्ने दक्षिणेला तीन तासांवर शाळेत गणित शिकवायची. लहानपणी वर्गातल्या पोरींनी तिच्या डब्यात पत्रकं टाकली होती. घरी येऊन तिने त्यांची होडी करून दाखवली होती. तिने पाहुण्यांचं सांगितलं, केकचं सांगितलं. नवरदेवाच्या, म्हणजे ग्रेगच्या, आईने फुलांचा रंग तिसऱ्यांदा बदलला होता. मग तिचा आवाज उतरला. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून बापाशी बोलताना तिला हा आवाज लागायचा.

"बाबा, जॅकेट घालून येणार ना?"

"हो गं."

"शब्द द्या."

"दिला," डॉक्टर म्हणाले. कोट लागत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी चर्चमध्ये सराव झाला. पाद्रीबुवांनी बापलेकीला दोनदा चालवून दाखवलं: नवरी वडिलांच्या डाव्या हाताला, पावलं सावकाश, घाई नको. उजव्या भिंतीला रस्त्याकडच्या सहा उंच खिडक्या होत्या. डाव्या भिंतीला लागून सभागृह, तिकडे नुसती भिंत. पोलिसांचा माणूस खिडक्यांकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला की दोन शिपाई दाराशी, एक रस्त्यावर, यापेक्षा जास्त माणसं त्याच्याकडे नाहीत. डॉक्टर म्हणाले की पुष्कळ झाली.

शनिवारी सकाळी त्यांनी पलंगावर एका बाजूला करडा कोट ठेवला आणि दुसऱ्या बाजूला जॅकेट, आणि दोन्हींच्या मधे बसले. जॅकेटला घामाचा जुना वास येत होता. बटणं न लावता कोट नुसता पांघरून जाता आलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. आर्डिसने फोन करून तेच बजावलं होतं: मेलेल्या बापापेक्षा गबाळा बाप बरा. तिचं म्हणणं खरं होतं. पण दोन वर्षांत त्यांनी कुणाला छातीशी धरलं नव्हतं. धरलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते कठीण काहीतरी लागल्याचं दिसायचं. आज तासभर त्यांना कुणाचा शत्रू व्हायचं नव्हतं, कुणाचा आधारही व्हायचं नव्हतं, नुसता नवरीचा बाप व्हायचं होतं. त्यासाठी जीव धोक्यात घालणं हा मूर्खपणा आहे, हे एखाद्या रोग्याला सांगावं तसं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग उठले, कोट घातला, आणि तिन्ही बटणं लावली. सहज लागली. जॅकेट त्यांनी कपाटात ठेवलं.

चर्चबाहेर व्हर्जिलची पन्नास-एक माणसं फलक घेऊन उभी होती. वारा इतका होता की फलक धरायला दोन-दोन हात लागत होते. आत यापेक्षा थोडीच जास्त माणसं होती. निमंत्रणं दोनशे गेली होती. कुणाचं दूध काढायचं राहिलं होतं, कुणाच्या सासूची तब्येत बिघडली होती. माणसं वाईट नव्हती, फक्त आली नाहीत. मागच्या बाकांवर नुसती फुलं बसली होती.

बाहेरच्या छोट्या खोलीत सिग्ने पांढऱ्या झग्यात उभी होती. डॉक्टरांना तिच्याकडे नीट बघवेना, इतकी ती आईसारखी दिसत होती.

"कोट छान बसलाय," ती म्हणाली.

"कुबिचेकचा हात आहे."

वडिलांच्या छातीवर फूल लावायचं राहिलं होतं. तिने ते कोटाच्या कॉलरवर धरलं आणि लांब टाचणी आत खुपसली. मनात दुसरंच काही असावं. टाचणी कोटातून, सदऱ्यातून आरपार गेली आणि डॉक्टरांच्या छातीला टोचली. ते आवरायच्या आत कळवळले.

सिग्नेचा हात तिथेच थांबला. तिने टाचणी हळूच मागे ओढली. मग सगळा तळवा त्यांच्या छातीवर ठेवला आणि दाबून पाहिला. खाली नुसता बाप होता, आणि त्याची धडधड.

"शब्द दिला होता," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. शाळेत पोरांनाही ती अशीच बोलत असावी.

"बटण लागत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांच्या खोट्या बोलण्यांत हे एकच खरं निघालं, आणि ते किती पोकळ ऐकू आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं.

आत ऑर्गन सुरू झाला. दार उघडलं. माणसं उठून उभी राहिल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी डावा हात पुढे केला.

सिग्ने त्यांच्या मागून फिरून उजवीकडे आली आणि तिने उजवा दंड धरला.

"सिग्ने, डावीकडून."

"माहितीये मला. चला."

नवरी गोंधळली, असं लोकांना वाटलं. पुढच्या बाकावरच्या ग्रेगच्या मावशीने बाजू चुकल्याचं शेजारणीला सांगितलंसुद्धा. सिग्ने मान ताठ ठेवून, लोकांकडे हसत चालली होती. पहिल्या खिडकीपाशी बाहेरचं स्तोत्र स्पष्ट ऐकू आलं. डॉक्टरांनी पाऊल आखडतं घेतलं, की ती जरा पुढे जाईल आणि आपल्याला बाजू बदलता येईल. तर तिनेही घेतलं. त्यांनी लांब टाकलं, तिनेही टाकलं. तिचे खांदे त्यांच्या खांद्यांइतके रुंद नव्हते. झग्याचा घोळ तिने उजव्या हातात धरला होता, चालताना कुठे अडकू नये म्हणून. आपल्याला आज काय हवं होतं आणि त्यापायी आपण हिला कुठे आणून उभं केलं, हे त्यांना दुसऱ्या खिडकीपाशी पुरतं कळलं. आजवर कुणी त्यांना थुंकून, शिव्या देऊन, पत्रकं छापून इतकं लहान केलं नव्हतं. आणि इतकी माया त्यांना कधी मिळालीही नव्हती. चार खिडक्या उरल्या होत्या. त्या पार होईपर्यंत त्यांनी समोर बघितलं.

वेदीपाशी ग्रेग उभा होता. पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "या मुलीला कोण देत आहे?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

आता दंड सोडायचा, मुलीचा हात जावयाच्या हातात द्यायचा, आणि पहिल्या बाकावर, उजव्या टोकाला, खिडकीलगत त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर जाऊन एकट्याने बसायचं. ग्रेगने हात पुढे केला. डॉक्टरांनी दंड सैल केला.

सिग्नेची बोटं सुटेनात. पाद्रीबुवांनी चष्म्यावरून बघितलं, आणि तिने ऐकलं नसावं असं समजून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.