सातव्या खाचेतला फ्यूज

धाकट्या लेकीच्या मुलीचं बारसं झालं, त्या वर्षीच्या चैत्रात माझे थोरले भाऊ आपल्या गाडीत बसले आणि उतरेनात, आणि गाडी रोज थोडी थोडी लांब होऊ लागली.

भावाचं नाव रंगराव. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. प्राथमिक शाळेत मास्तर होते. गणित सुटल्याशिवाय वर्गातून कुणाला उठू द्यायचे नाहीत, स्वतःही उठायचे नाहीत. गाडी अठरा वर्षांची, पांढरी. गडहिंग्लजला माझ्या गॅरेजसमोर ती उभी केली तेव्हा इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. तो विझेपर्यंत मी इथंच बसतो, असं ते म्हणाले.

स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा दोष निघाला. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत असतो. धुरात हवा किती उरली ते तो सांगतो, पण तापल्याशिवाय काही सांगत नाही. म्हणून त्याच्या पोटात बारकासा हीटर असतो. मी सेन्सर बदलला. दिवा विझला. अण्णांनी दाराला हात घातला, तेवढ्यात दिवा परत लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णांची पावलं गार पडली. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. मी दुसरा सेन्सर बसवला. गारवा घोट्यापर्यंत चढला. तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत. तेव्हा मला हिशेब कळला: गारवा छातीत पोचायच्या आत तो हीटर तापायला हवा होता.

तोवर गाडी ओढ्याच्या पुलापर्यंत गेली होती. बॉनेट गॅरेजसमोर आणि अण्णा पुलाजवळ. मधे दारं वाढत होती, दारांमागं रिकाम्या सीट. लोक गाडीला वळसा घालून बाजाराला जात. मी सायकलवरून त्यांच्याकडं जायचो.

"आलास?" ते म्हणायचे. "मला वाटलं, बारशाची पोरगी लग्नाला येईल तेव्हा येशील."

मी तारा तपासल्या. बॉडीला जोडलेली अर्थची तार तपासली. फ्यूजही बघितला, डावीकडून चौथा. साठ-पासष्ट वर्षं मी फ्यूज असेच मोजून ओळखत आलो. आठव्या वर्षी मला गॅरेजात घातलं आणि अण्णांना शाळेतच ठेवलं. पुढं त्यांनी अख्ख्या गावाला लिहायला शिकवलं. मलाही किती वेळा म्हणाले, ये, बस समोर. मी गेलो नाही. एकसष्टाव्या वर्षी सुनेकडून, वैजयंताकडून शिकलो, माजघरात, दार लावून. अण्णांना सांगू नको म्हणून तिला शपथ घातली.

चौथा फ्यूज चांगला होता. मी सहावा सेन्सर बसवला. गारवा अण्णांच्या कमरेवर गेला.

वैजयंता भाकरी घेऊन आली. तिनं गाडीच्या लांबीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मामा, फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर लिवलेलं असतंय की."

मला मनात वाचता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मी मोठ्यानं वाचतो, एकेक अक्षर. आणि अण्णा कितीही लांब असले तरी काचा उघड्या होत्या. मी म्हणालो, त्यांच्यादेखत नको. ती म्हणाली, मग त्यांना तसंच गार होऊ द्या. आणि भाकरी बॉनेटवर ठेवून निघून गेली.

मी आणखी एक दिवस घालवला. सातवा सेन्सर बसवला. अण्णा आता ओढ्यापलीकडं, उसाच्या फडाशी होते. त्यांनी काही टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाले, "केरबा, मला काही सांगायचं नाही का?"

"नाही," मी म्हणालो.

सकाळी झाकण काढून उलटं केलं. आतून कागद चिकटवलेला होता. मराठीत लिहिलेला, अण्णांच्या अक्षरात. पहिलीच्या फळ्यावर लिहितात तेवढी मोठी अक्षरं, दोन शब्दांत बोटभर जागा. खाली तारीख. बारा वर्षांपूर्वीची. त्याच महिन्यात मी वैजयंतासमोर पाटी घेऊन बसलो होतो.

मी वाचलं. मोठ्यानं. पहिला, हॉर्न. दुसरा, पुढचे दिवे. चौथा, रेडिओ. माझा आवाज दारादारांतून पुढं गेला. सातवा, सेन्सरचा हीटर.

सातव्या खाचेतला फ्यूज जळून काळा झाला होता. मी नवा दाबला. नळीखाली हात धरला. सेन्सर तापला. स्कॅनरवरचा दोष गेला, म्हणजे दिवा विझला.

सायकल घेतली नाही. गाडीला हात लावून चालत निघालो. पत्रा कोमट होता, प्रत्येक दाराला आणखी ऊन. पूल ओलांडला तेव्हा पुढं, फडाच्या बाजूला, दार उघडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी खाली पाय ठेवला. मी हाक मारली. पावलं गाडीच्या पलीकडच्या बाजूनं माझ्याकडं यायला लागली, माझ्या शेजारून गेली आणि गॅरेजकडं निघाली. मधे गाडी होती.

अण्णा त्याच दिवशी, चैत्र वद्य नवमीला, सकाळी दहा वाजता वारले.