सतरा ओळी

ऑफिसातले ज्येष्ठ प्रोग्रामर स्वेतोझार काका माझं काम परत पाठवायचे तेव्हा खाली कारण लिहायचे. एकदा तर सतरा ओळी लिहिल्या होत्या. मी त्या धड वाचल्याही नाहीत.

सर्बियात, नोव्ही सादच्या आमच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी औषधवाटपाचं सॉफ्टवेअर होतं. त्यातला बारा वर्षांचा जुना कोड काकांना सलायचा, आणि त्यांच्या होकाराशिवाय काही पुढे जात नसे. माझी मुलगी डुन्या वर्षाची झाली तशी मी कामावर परतले, आणि पहिलंच काम सहा आठवडे अडलं.

"पोरी, खाली ठिगळावर ठिगळ आहे. आधी ते उसव, मग नवं शीव."

"उसवायला तीन महिने लागतील, काका. नववर्षाआधी द्यायचंय."

"मग देऊ नकोस."

"तुम्हाला काय जातंय. बाळंतपणाहून आली नि बसून खाते, म्हणतात मला."

"कोण म्हणतं? नाव सांग, त्याचाही कोड परत पाठवतो."

मला हसू आलं नाही.

एकोणीस डिसेंबरला काकांच्या घरच्या संताचा दिवस, स्लावा. ते रजेवर होते. मी आमच्या मॅनेजरकडे, टियानाकडे गेले. "काकांच्या होकाराची अट आजच्यापुरती काढ ना." तिने काढली. दुपारपर्यंत काम दवाखान्यांत पोचलं.

स्लावाला बोलावणं नसतं. दार उघडं असतं, दरवर्षी जाणाऱ्याने जायचंच. संध्याकाळी डुन्याला कडेवर घेऊन गेले. काकांनी दारातच उकडलेल्या गोड गव्हाचं ताट पुढे केलं. मी चमचाभर गहू घेतले.

"चाललं का नीट?" त्यांनी हळूच विचारलं. म्हणजे त्यांना कळलं होतं.

"हो."

"काही मोडलं?"

"नाही, काका."

"बरं झालं," म्हणाले, आणि डुन्याची टोपी सारखी करून पुढच्या पाहुण्याकडे वळले.

खरंच काही मोडलं नाही. मोडलं असतं तर काका रागावले असते, मी रडले असते, आणि मिटलं असतं.

सोमवारी टियानाने अट परत लावली. तेव्हापासून काका माझं काम दोन मिनिटांत मंजूर करतात. खाली एकच शब्द: चालेल.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम एक ढोबळ चूक ठेवली, नवशिक्यालाही दिसेल अशी. कॉफी ओतून जागेवर येईपर्यंत उत्तर आलं होतं.

चालेल.

ती चूक मीच काढली. मग त्या सतरा ओळी शोधून पहिल्यांदा नीट वाचल्या. शेवटची ओळ होती: नाही समजलं तर माझ्या टेबलाशी ये, मिळून उसवू.