गव्हाणीतली भाकरी

टोकावड्याच्या नवसूशेठच्या धाब्याला माझी बाईजाकाकी तांदळाच्या भाकऱ्या पुरवते. म्हसाच्या जत्रेत त्याच भाकऱ्या बांधून विकायचा शेठचा बेत होता आणि त्या माझ्या कागदात बांधाव्यात, हा माझा. मधाच्या पोळ्याचं मेण वितळवायचं, त्यात लवंगेचं तेल घालायचं आणि कागदाला पातळ हात द्यायचा. बुरशीला ते मानवत नाही. निदान कॉलेजच्या प्रयोगशाळेत तरी मानवलं नव्हतं.

शेठ म्हणाले, “घरात ठेवून दाखव. टिकली तर जत्रेचा कागद तुझा.”

सोमवारी मी एकाच तव्यावरच्या दोन भाकऱ्या घेतल्या. एक मेणकागदात गुंडाळली, दुसरी साध्या कागदात, आणि दोन्ही फळीवर ठेवल्या. साधी खराब झाली तरच मेणाचा गुण कळेल, हे काकीला नीट समजावलं. तिनं त्यातलं ‘तुझी भाकरी खराब होईल’ एवढंच ऐकलं असावं.

रविवारी सकाळीच शेठ आले. मी पुड्या सोडल्या. मेणकागदातली पांढरी, पण जरा चिवट. साध्या कागदातली लुसलुशीत.

“मग साधाच कागद बरा की गो,” म्हणत शेठ उठायला लागले.

मी साधी भाकरी परत हातात घेतली, तर ती कोमट.

“काकी, ही गरम कशी?”

काकीनं पदर सावरला. “सकाळी बदलली. आतली हिरवी झालती. माझ्या हातची भाकर सडलेली शेठनं बघायची, नि उद्यापासून दुसरीकडनं घ्यायची?”

“आणि मेणकागदातली?”

“ती कशाला बदलू? तिला काय झालंच नाय.”

“वैनी,” शेठ म्हणाले, “दोघी मिलून मला येडा बनवताय. कुठंय ती सडकी?”

“म्हशीला घातली.”

आम्ही तिघं गोठ्यात गेलो. म्हशीनं गव्हाणीतला पेंढा पार चाटूनपुसून खाल्ला होता. मधोमध भाकरी मात्र हिरव्या ठिपक्यांसकट तशीच पडली होती.

शेठनी सोबत आणलेल्या मेणकागदातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

“लवंग लागते.”

“मटणासंगं खायची ना? मग बिघडलं कुठं?” काकी म्हणाली.

“दे कागद जत्रेपुरता,” शेठ मला म्हणाले आणि घरी परत येऊन चपला घालायला लागले.

काकी दारापर्यंत गेली. “शेठ, एक सांगते. म्हशीनं माझी भाकर टाकली, हे जत्रेत कुणाला बोलू नका.”