आधी आतून हाक

मी एक जुना राउटर आहे. आजींच्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी मला या घरात आणून शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बसवलं. मित्रांनो, घरातले सगळे संगणक माझ्यातूनच बाहेरच्या जगाशी बोलतात. बाहेरून दिवसभर कोण कोण दारं ठोठावत असतं. सज्जन कोण आणि चोर कोण, हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी कोणावरच विश्वास ठेवत नाही.

आजी दूरदेशी राहणाऱ्या थोरल्या भावाशी, दादांशी, संगणकावरून बोलत. दादांना कानाला लावलेल्या फोनवर ऐकू येत नसे, संगणकाचा मोठा आवाज तेवढा येई. त्या बोलण्यासाठी बाहेरून आत येणारं एक दार लागे. नेटवाला म्हणाला, "कायमचं उघडं ठेवू का?"

"नको हो," सून म्हणाली, "भलतंच कोणी शिरलं म्हणजे?"

मग त्याने मला पोर्ट ट्रिगरिंग शिकवलं. आजींच्या संगणकाने दादांना हाक मारली, की दादांच्या आवाजासाठी ठरलेलं दार मी त्याच संगणकापुरतं उघडायचं. बोलणं थांबून थोडा वेळ गेला, की कडी लावायची. आतून हाक नाही, तर दार नाही.

रोज आजीच आधी हाक मारत, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. एकदा दादा हसत म्हणाले, "तू शिवून पाठवलेल्या सदऱ्याची एक बाही आखूड आहे गं!" आजींची नजर अधू झाली होती. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "आता तोच आधी बोलेल," असं म्हणून त्यांनी हाक मारणं सोडलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दारावर थाप पडू लागली. कोणाची, ते मला कळत नव्हतं. मी ती परतवत राहिलो. आजी संगणकापुढे वाट पाहत बसत. हळूहळू त्यांचा संशय सुनेवर गेला.

"हिनंच दार लावून घेतलं. माझं माहेर तोडलं!"

"तोडायचंच असतं, तर आधी तुमची ती खडखडणारी मशीन तोडली असती," सून म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

एके दिवशी दादांच्या मुलीचा फोन आला. "आत्या, बाबा अंथरुणाला खिळलेत. रोज तुला हाक मारतात. तू बोलत का नाहीस?"

सुनेने तातडीने नेटवाल्याला बोलावलं. त्याने मला तपासलं. "बिघाड काहीच नाही. आधी बाहेरून आलेल्याला हा आत घेतच नाही. आजी, सुरुवात तुम्हीच करायची."

आजी जागच्या हलेनात. सुनेने खुर्ची पुढे ओढली. "बसा, आई. मला नंतर हवं तेवढं बोला."

आजींनी हाक मारली. मी दार उघडलं. दादांचा खोल गेलेला आवाज आला, "दार लावून बसली होतीस होय गं?"

"मी नाही रे, हा मेला डबा!"

दोघं हसली. मग आजी रडल्या आणि त्यांनी सुनेचा हात धरला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसत जा, माझा पासवर्ड कोणाला सांगू नका. संशय घ्यायला मी आहे. तुम्ही तो आपल्या माणसांवर घेऊ नका. त्यांना आधी हाक मारा.

दादा त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता वारले.