शेवटच्या पानावरची काकू

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते धाकटीच्या बाबतीत अगदी खरं झालं होतं. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलांची भीती जावी म्हणून तिनं चित्रांचं पुस्तक केलं होतं. एक अस्वलाचं पिल्लू, त्याचं दप्तर, त्याची शाळा. चार आवृत्त्या संपल्या. बालवाडीच्या बाया ते वर्गात वाचून दाखवत, अनोळखी आया तिला पत्रं लिहीत. आणि तिच्या पोटच्या पोरीनं, चार वर्षांच्या भिंगरीनं, त्याच पुस्तकाचं बाहुलीच्या घराला छप्पर केलं होतं.

भिंगरीचं लाडकं पुस्तक वेगळंच होतं. ते केलं होतं खालच्या मजल्यावरच्या काकूनं, म्हणजे धाकटीच्या थोरल्या जावेनं. थोरली कपडे शिवायची. धाकटी प्रकाशकाच्या कचेरीत गेली की भिंगरी दिवसभर थोरलीच्या मशीनपाशी. तिथंच गणवेशांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून ते पुस्तक झालं. सगळी मिळून सहा पानं, कापडाची. एका पानावर खरं बटण, लावायचं नि काढायचं. एकावर चेनचं दप्तर. एकावर डबा, त्याचं झाकण टिचबटणाचं. दोरीला बांधलेली बोटभर कापडी बाहुली, म्हणजे भिंगरी स्वतःच, पानापानातून फिरायची, आणि शेवटच्या पानावर शाळेच्या फाटकाशी गळ्यात मापाची टेप घालून उभ्या असलेल्या कापडी काकूच्या हाताला हुकानं अडकायची. झालं, शाळा सुटली, घरी चला.

धाकटीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडानं “वा, छान झालंय हो वहिनी!” म्हणाली. आतून ती जळली. उगाच साखर कशाला पेरा, जळली म्हणजे जळलीच.

“साधं मांजर काढता येत नाही त्यांना,” ती रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली. “काकूचे पाय बघितलेस? दोन्ही डावे आहेत!”

“पण पोरीला आवडलंय ना?”

“तू गप्प जेव.”

मग एका संध्याकाळी तिनं भिंगरीला मांडीवर ओढलं, बाहुलीच्या घराचं छप्पर काढलं आणि हट्टानं अस्वल वाचून दाखवलं. आवाज काढून, हातवारे करून. “आणि पिल्लू वर्गात रमलं. संपलं!”

“मग घरी कधी आलं?” भिंगरीनं विचारलं.

“येतं गं नंतर.”

“कुणाबरोबर?”

“पानं संपली ना राणी. चोवीसच असतात.”

“काकूच्या सहाच पानांत मी घरी येते,” भिंगरी म्हणाली आणि मांडीवरून उतरली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार आवृत्त्या काढणाऱ्यांना जे दिसलं नाही ते या चिमुरडीनं बोट ठेवून दाखवलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या पानावर काकू होती. आई नव्हती. थोरलीनं काही कुजकेपणानं केलं नव्हतं हो! ठरलंच तसं होतं: सकाळी आईनं सोडायचं, साडेअकराला काकूनं आणायचं. थोरलीनं जे होणार तेच शिवलं. पण खरं बोललेलं जितकं झोंबतं तितकं खोटं कुठे झोंबतं?

शाळा सोमवारी सुरू होणार होती. रविवारी दुपारी थोरली कपडे पोचवायला बाहेर गेलेली, भिंगरी झोपलेली. धाकटीनं कापडी पुस्तक उचललं, नखं कापायची कात्री घेतली आणि शेवटच्या पानावरची काकू टाका टाका करून उसवली. तिच्या जागी ब्रश पुसायच्या फडक्याची आई कापून लावली. सुईचा सराव नाही. दोनदा बोटात टोचली, टाके वेडेवाकडे पडले. पण चेहरा मात्र असा काढला की कुणीही ओळखावी. काढलेली काकू फेकायला हात होईना. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

भिंगरी उठली. ते पान तिनं बराच वेळ पाहिलं.

“काकू कुठे गेली?”

“पहिल्या दिवशी आई येणार आहे तुला न्यायला. म्हणून आई.”

“खरंच?”

“पुस्तकात आहे ना?”

“मग खरंच,” भिंगरी म्हणाली, आणि उड्या मारत सुटली. कारण आतापर्यंत त्या पुस्तकातलं सगळं खरं निघालं होतं: नव्या गणवेशाचं बटण तसंच, आणलेलं दप्तर तसंच, डबाही तस्साच.

धाकटीनं थोरलीला सांगून टाकलं, उद्या मीच आणते. कचेरीतून सुटी घेतली होती, तेवढ्यात वाचनालयातून बोलावणं आलं: ज्यांच्या शाळा मंगळवारी सुरू होणार त्या मुलांना अस्वलाचं पुस्तक वाचून दाखवाल का? साडेदहापर्यंत संपेल. ती हो म्हणाली. सोमवारी भिंगरीला हसत हसत वर्गात सोडून ती तिथं गेली. वाचन झालं, टाळ्या झाल्या, मग सह्या घेणाऱ्या आयांची रांग लागली. “तुमच्यामुळे आमचा बाळ शाळेत जायला तयार झाला हो!” हुरळली मेंढी लागली लांडग्यामागे, तशी गत. घड्याळात सव्वाअकरा वाजले तेव्हा तिनं फोन लावला. “वहिनी, जरा अडकलेय. आज तुम्हीच आणा ना तिला.”

“आणते की,” थोरली म्हणाली.

सव्वाबारा वाजता शाळेतून बाईंचा फोन आला आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावतच शाळेत पोचली. फाटकाच्या पायरीवर भिंगरी बसली होती, कापडी पुस्तक पोटाशी धरून. रडून रडून नाक लाल. शेजारी थोरली, गळ्यात टेप तशीच, मशीनवरून उठून आलेली.

“या काकू वेळेवर आल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “पण ही हात धरू देईना. पुस्तक उघडून दाखवते आणि म्हणते, तू नाही, तू नाही.”

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. या पोरीला थोरलीनं पाळण्यापासून सांभाळलेलं, आणि आज पाऊण तास सगळ्या शाळेसमोर त्याच पोरीनं तिला झिडकारलं होतं. थोरलीचे डोळे त्या पानावर होते.

“शिवण कच्ची आहे तुझी,” ती हळूच म्हणाली. “एका दिवसात उसवेल.” बस, तेवढंच.

भिंगरी आईला बिलगली. हेच हवं होतं ना धाकटीला? अगदी हेच. पोरीनं मान वर केली. “उद्यापण तूच येणार ना?”

उद्या कचेरी होती. परवाही. धाकटी पायरीवर बसली, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातली काकू काढून थोरलीसमोर धरली. चुरगळली होती ती.

“चुकलं माझं वहिनी. जळले मी तुमच्यावर. सुई आहे?”

“शिंपिणीला विचारतेस?” थोरलीनं कॉलरमागची सुई काढली, दोरा ओवला. सुई तिनं धाकटीलाच दिली. “उसवलंस तू. लाव तूच.”

धाकटीनं पान मांडीवर घेतलं. फडक्याची आई काढायला टाक्यात नख घातलं, तोच भिंगरीनं तिचा हात धरला.

“आईला नको काढू. सरकव थोडी,” ती म्हणाली. “काकूला पुढे लाव. ती आधी आली होती.”